मदत हवी आहे : शेततळ्यातल्या माशांना दोरे लागलेत, आता खालच्या ओढ्यातल्या खवल्यांना (बारीक मासे) पण (दिंडोरी)

कादवाकाठी
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा कारण व्यापारी रविवारी गाडी घेऊन येतोय. शेततळ्यातल्या कटल्याच्या अंगावर दोरे लटकतायत, पांढरट हिरवट, बोटाच्या पेराएवढे, उपटला तर रक्त येतं आणि लाल खड्डा राहतो. मासे कडेला येऊन अंग घासतात, खाद्य टाकलं तर तसंच तरंगत राहतं. दुकानदाराने एक बाटली दिली ती टाकून झाली, काही फरक नाही. त्यात भर म्हणजे काल खाली ओढ्यात पोरं मासे धरत होती, त्यांच्या डब्यात बघितलं तर खवल्यांना पण तेच, दोन इंचाची खवली आणि अर्धा इंच दोरा. ओढा पुढं कादवा नदीला मिळतो. गावात लगेच बोंब, की याच्या तळ्यामुळेच झालं. तळ्यात काय टाकू आणि ओढ्यात काय टाकू एवढं सांगा. फोटो चढत नाहीये.

सिन्नरकर_मत्स्य
भाऊ तळं किती बाय किती? कागद आहे का मातीचं? पाणी आत्ता किती, बीज कुठून आणलं, आणि बाटली कसली होती? "एक बाटली" यावरून आम्ही काय ओळखायचं.

कादवाकाठी
३० बाय ३० मीटर, कागद आहे, कागदाशिवाय आमच्याकडे पाणी थांबतं का. पाणी निम्म्याच्या खाली गेलंय, द्राक्षाची खरड छाटणी झाली, बागेला रोज चालू आहे. बीज नेहमीच्या माणसाकडून. बाटलीचं लेबल पुसलंय. मी विचारलं ते सांगा ना, टाकू काय?

बागायतदार७७
इमामेक्टिन टाका. द्राक्षावरच्या थ्रिप्स किडीला मारतो तेच, घरात पुडी असेलच. परदेशात सॅमन माशाच्या उवांना हेच वापरतात, मी वाचलंय.

गोल्डफिशवाली
हे अँकर वर्म. माझ्या कोईला (शोभेचा रंगीत मासा) झालं होतं. मासा ओल्या फडक्यात धरायचा, चिमट्याने अगदी मुळाशी पकडून हळू ओढायचं, डोकं आत तुटलं तर जखम चिघळते. मग त्या जागी कापसाने पोटॅशियम परमँगनेट. नवीन मासा आणला की आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, हे तर मी सगळ्यांना सांगून दमले.

कादवाकाठी
ताई माझ्याकडे दोन हजारावर मासे आहेत, चिमटा कुणाकुणाला लावू?

योजनादूत
प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२० पासून) सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मिळतं. नवीन तळं, बायोफ्लॉक (टाकीतलं मत्स्यपालन), सगळं बसतं. कागदपत्रांसाठी मेसेज करा.

कादवाकाठी
मी अनुदान विचारलंय का???

गळ_आणि_गप्पा
अहो ही माशाची ऊ आहे. आमच्या लहानपणापासून गंगापूर धरणाच्या रोहूवर बघतोय, चपटी, काचेसारखी, नखाने काढली की पळते. तळ्यात बांबू उभे करा, ऊ त्यावर अंडी घालते, बांबू काढून उन्हात टाका, संपला विषय. औषधाची काही गरज नाही.

सूक्ष्मदर्शी
काका तुमची ऊ वेगळी, ती आर्ग्युलस. ती पळते, दोऱ्यासारखी दिसत नाही, आणि बांबूचा उपाय तिच्यासाठी बरोबर आहे कारण ती मासा सोडून बाहेर कडक पृष्ठभागावर अंडी घालते. इथं उपटल्यावर रक्त येतंय आणि दोरा हलत नाही म्हणजे लर्निया, गोल्डफिशवाली म्हणतायत तोच. दोऱ्याच्या टोकाला दोन बारीक पिशव्या दिसतायत का बघा बरं.

कादवाकाठी, मी मत्स्यशास्त्र शिकवते म्हणून जरा लांबण लावते, वैतागू नका. नावात 'वर्म' असलं तरी हा जंत नाहीये. झिंगा-खेकड्याच्या कुळातला प्राणी आहे, १७५८ सालीच लिनियसने नाव दिलंय, लर्निया सायप्रिनेशिया. मूळचा युरोप-आशियाच्या थंड पट्ट्यातल्या कार्प माशांवरचा (तुमचा कटला याच गटातला), आणि जगभर पसरला तो माणसाने नेलेल्या कार्प आणि गोल्डफिशच्या अंगावर बसून. चिकटते ती फक्त मादी. नर मिलन झाल्यावर मरतो. मादीचं डोकं मांसात शिरून नांगरासारखं फुटतं आणि बाहेर दिसतो तो तिचा उरलेला देह. एकेका पिशवीत दोन-अडीचशेपर्यंत अंडी. पिल्लं जेमतेम मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी, ती आधी पाण्यात मोकळी पोहतात, नंतर माशाच्या कल्ल्यांवर वाढतात. पाणी २५ ते ३० अंश असलं की अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत साधारण तीन आठवडे. म्हणजे तुमच्याकडे आत्ता मे महिन्यात त्याचा सुगीचा काळ.

तुमची बाटली का लागू पडली नाही तेही यातच आलं. बहुतेक औषधं पोहणाऱ्या पिल्लांना मारतात, मांसात रुतलेल्या मादीला फारसं काही होत नाही, आणि तिची पुढची अंडी औषध उतरल्यावर फुटतात.

आणि हो, @बागायतदार७७, सॅमनला इमामेक्टिन खाद्यातून, मोजून, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देतात आणि नंतर ठरलेले दिवस मासा बाजारात जात नाही. पुडी फाडून तळ्यात ओतत नाहीत. पाण्यातल्या बारीक जीवांना ते भयंकर विषारी आहे.

बागायतदार७७
मॅडम पुस्तक वेगळं, शेती वेगळी. आम्ही पण मोजूनच मारतो, नाहीतर द्राक्ष युरोपला गेली नसती.

कादवाकाठी
पिशव्या आहेत. तांदळाच्या कणीएवढ्या, दोन दोन. बाटली परत उन्हात धरून बघितली, "सायपर" एवढंच वाचता येतंय.

सूक्ष्मदर्शी
मग सायपरमेथ्रिन असणार, पिकावरचं कीटकनाशक. किती टाकलं, कधी टाकलं? त्यानंतर तळ्यातले पाणकिडे, चतुराच्या अळ्या मेल्या का?

कादवाकाठी
दुकानदाराने सांगितलं तेवढं, गेल्या आठवड्यात. पाणकिडे तरंगत होते हो, मला वाटलं औषध लागू पडलं.

सिन्नरकर_मत्स्य
रविवारचं विसरा मग. असला मासा बाजारात देऊ नका.

कादवाकाठी
तुम्हाला बोलायला सोपं आहे. खाद्याची उधारी तुम्ही फेडणार का?

कडुनिंब
रासायनिक टाकून आधी विष करायचं आणि मग विचारायचं. कडुनिंबाचा पाला पोत्यात भरून तळ्यात सोडा, हळद आणि जाडं मीठ. आमच्या पाहुण्यांच्या तळ्याला महिन्यात फरक.

सूक्ष्मदर्शी
मिठाने मोठी मादी मरत नाही. एवढ्या तळ्यात मिठाचा परिणाम व्हायचा तर किती पोती लागतील याचा हिशोब करा, आणि तेच पाणी द्राक्षाला द्यायचंय.

पाणथळ
मी मासेवाला नाही, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो, पण मला तळ्यापेक्षा ओढ्याचीच काळजी वाटतेय आणि त्यावर कुणी बोलतच नाहीये. दादा, तळ्याचं पाणी ओढ्यात जातं कुठून? सांडवा आहे का पाइप? ओढा बारमाही आहे का? तुमचा ओढा कादवेला, कादवा गोदावरीला, आणि तो संगम म्हणजेच नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० ला जाहीर झालं ते.

कादवाकाठी
पावसाळ्यात तळं भरलं की सांडव्यातून ओढ्यात जातं, जाणार कुठं दुसरीकडे. आत्ता नाही जात. आत्ता उलट ओढ्याच्या डोहातूनच मोटरने तळ्यात घेतो की, विहिरीला पाणी कुठंय.

सिन्नरकर_मत्स्य
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना!! डोहातलं पाणी तळ्यात आणि तळ्यातलं डोहात. मग दोष तळ्याचा का ओढ्याचा कोण ठरवणार.

कादवाकाठी
सगळेच मोटर टाकतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे. फूटव्हॉल्व्हला जाळी आहे.

सूक्ष्मदर्शी
त्या जाळीतून लर्नियाची पिल्लं शेकड्याने जातात. पण एक करता येईल, खर्च नाही. तुमच्या सांडव्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात मासे धरून बघा आणि खालच्या अंगाला बघा. वर एकाही माशाला दोरा नाही आणि खाली आहेत, तर संशय तळ्यावर. वरही असतील तर आणखी कुठूनतरी येतंय. बघून मासे परत तिथल्या तिथेच सोडा, वरचे खाली करू नका.

गळ_आणि_गप्पा
पाणकावळे आणतात हे. पायाला चिकटून येतं.

पाणथळ
काका दर वेळी पक्ष्यांवर का घेता. गाड्याच्या गाड्या बीज इकडून तिकडे जातं ते दिसत नाही आणि पाणकावळा दिसतो. ओली जाळी एका तळ्यातून काढून दुसऱ्या तळ्यात टाकतात ते पण बघा कधी.

गळ_आणि_गप्पा
मी तीस वर्षं पाण्यावर बसतोय, मला शिकवू नका. आणि दोरा लागलेला मासा साफ करून आम्ही खाल्लाय, काही झालं नाही.

सूक्ष्मदर्शी
खाल्ल्याने माणसाला लर्निया होत नाही, ते खरं आहे. इथं अडचण सायपरची आहे, दोऱ्याची नाही.

पाणथळ यांचा प्रश्न रास्त आहे. लर्नियाला अमुकच मासा लागतो असं नसतं. कार्प, शिंगटी, अगदी बेडकाचं पिल्लूसुद्धा चालतं. कॅलिफोर्नियात ईल नदीवर २००६ आणि २००८ च्या गरम उन्हाळ्यांत तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांच्या पिल्लांवर याचीच लागण झाली होती, आणि लागण झालेल्यांत वेडेवाकडे अवयव जास्त दिसले. पाणी कोमट आणि कमी, हे तिथलं कारण आपल्या ओढ्याला पण लागू.

आता गणित बघा. दोन किलोच्या कटल्याला पाच दोरे लागले तर तो कसनुसा होतो, वजन धरत नाही, पण जगतो, आणि जगतो म्हणून अंडी पसरवत राहतो. खवलीच्या अंगात तेच नांगराचं डोकं शिरलं तर आतल्या अवयवांपर्यंत पोचतं. एकच दोरा पुरतो. वर जखमेत बुरशी आणि जीवाणू. अशी मादी खवली अंडी कमी धरते, आणि धीम्या झालेल्या माशाला खंड्या आधी उचलतो. तळ्यात दर वर्षी नवीन बीज येतं, त्यामुळे रोगाला यजमान कधी संपत नाहीत. ओढ्यात खवलीचं बीज कुणी सोडत नाही. उन्हाळ्यात ओढ्याचे तुटक डोह होतात, मळ्या, मुरी, खवली सगळी एकाच डोहात कोंडलेली, आणि पोहणाऱ्या पिल्लाला यजमान शोधायला लांब जावंच लागत नाही. मोटरींनी डोह जितका उतरतो तितकी ही दाटी वाढते.

बागायतदार७७
म्हणजे परत शेतकऱ्याची मोटरच.

सूक्ष्मदर्शी
मोटर, धरण, वाळूउपसा, सगळंच. तुम्हालाच धरलेलं नाही.

पाणथळ
आणि आपल्याच जिल्ह्यात दारणा नदीवर देवळालीजवळ एक बोटभर मासा आहे, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी, १९३८ मध्ये तिथूनच शोधला. जगात दुसरीकडे सापडत नाही, अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तिकडे हा दोरा पोचला तर?

गळ_आणि_गप्पा
त्या बोटभर माशाला विचारतंय कोण? न बाजारात, न ताटात. इथं माणसाचे दोन हजार कटले अडकलेत ते बघा की.

पाणथळ
बाजारात नाही म्हणून तो मेला तरी चालेल? तुमच्या त्या गंगापूरच्या शिंगट्या, वाम, मरळ काय खाऊन मोठ्या होतात काका, खाद्याच्या गोळ्या?

गळ_आणि_गप्पा
मरळ राहिलीच कुठंय आता. तुमच्या सरकारने चिलापी (बाहेरचा तिलापिया मासा) सोडली तेव्हाच संपली.

सिन्नरकर_मत्स्य
चिलापीसाठी दुसरा धागा आहे, तिकडे जा दोघं.

बागायतदार७७
एक मुद्दा. ओढ्यातच औषध सोडून एकदाचं संपवता येत नाही का? नॉर्वेत अख्ख्या नद्यांत सोडलं होतं म्हणे सॅमनच्या किड्यासाठी.

सूक्ष्मदर्शी
हो, जायरोडॅक्टिलस सॅलेरिस. १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या सॅमनबरोबर नॉर्वेत शिरला, अर्धा मिलिमीटरचा जीव, आणि पन्नासेक नद्यांतले सॅमन उद्ध्वस्त केले. बाल्टिकमधल्या सॅमनची त्याच्याशी जुनी ओळख, त्यांना फारसं काही होत नाही, नॉर्वेतले पटापट मेले. मग त्यांनी रोटेनॉन हे मासे मारायचं विष सोडलं. पण त्याने किडा मरतो तो मासा मेल्यामुळे. नदीतले सगळे मासे मारायचे आणि आधी वेगळे जपून ठेवलेले सॅमन परत सोडायचे, असा तो प्रकार. आपण ओढ्यातल्या मळ्या आणि मुरी कुठं जपून ठेवल्यात? शिवाय लर्नियाला बेडूकपिल्लं पण चालतात. ओढ्यात काहीही टाकायचं नाही. कादवाकाठी, तुमच्या मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर हेच, खालच्या वस्त्या ते पाणी पितात आणि गुरंही.

कडुनिंब
मी तेच म्हणत होतो.

सिन्नरकर_मत्स्य
तुम्ही पाला टाका म्हणत होतात.

नवीन_आयडी
मी नुवान वापरायचो तळ्यात, एकदम रामबाण. आता मिळत का नाही?

सूक्ष्मदर्शी
नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. कुणाकडे जुना साठा असेल तरी काढू नका.

राजू_पेठ
जखमा असतील तर सिफॅक्स द्या, भुवनेश्वरच्या संस्थेचं आहे, आमच्याकडे चट्ट्यांना गुण आला.

सूक्ष्मदर्शी
ते लाल चट्ट्यांच्या रोगाचं औषध आहे, तो रोग वेगळ्या बुरशीसारख्या जीवाने होतो. दोऱ्याला त्याचा उपयोग नाही.

कादवाकाठी
बघून आलो. सांडव्याच्या खाली धरल्या त्यातल्या निम्म्याशिम्म्या खवल्यांना दोरे. वरच्या बंधाऱ्यात पण आहेत पण कमी, बऱ्याच धराव्या लागल्या तेव्हा दिसले. मुऱ्यांना एकीलाही नाही. म्हणजे माझ्या तळ्याचं नाही हे सिद्ध झालं, गावाला आता फोटो दाखवतो.

पाणथळ
सिद्ध कुठं झालं? वर कमी आणि खाली जास्त. बंधाऱ्याच्या वर कुणाचं तळं आहे का?

कादवाकाठी
आहेत की तीन-चार. एकाने तर हौसेने रंगीत मासे सोडलेत, लाल पिवळे, पोरांना बघायला.

गोल्डफिशवाली
!!!! कोई असतील. त्यांच्या कल्ल्यात आणि पंखांच्या बुडाशी बघायला सांगा ना त्यांना. आणि पावसाळ्यात ते सांडव्याने खाली येणार हे नक्की.

सूक्ष्मदर्शी
एका पाहणीवरून कुणाच्या नावाने बोट दाखवू नका, वाद वाढेल आणि मासे तिथंच राहतील. चारही तळ्यांचं पाणी त्याच ओढ्यात येतं तर चौघांनी मिळून करावं लागेल, एकट्याने तळं साफ केलं तर जूनमध्ये परत मोटरने आत येईल.

आता तुमच्यापुरतं. पाणी तसंही निम्म्याखाली आहे, ते पाऊस लागायच्या आत ठिबकने बागेला संपवा. मातीत गेलेली पिल्लं मरतात. आत्ता वेलीवर घड नाहीत, त्यामुळे त्या बाजूने वेळ बरी आहे, पण त्या पाण्यात सायपर आहे हे बागेच्या नोंदवहीत लिहून ठेवा, निर्यातीचं रजिस्टर असेल तर नंतर विचारतील. ओढ्यात थेंब सोडू नका, सायपरने झिंगे आणि चतुराच्या अळ्या पहिल्या जातील आणि मासे त्यावरच जगतात. तळं रिकामं झालं की कागद कोरडा ठणठणीत होईपर्यंत उन्हात राहू द्या, तळाचा गाळ काढा. मासा किंवा बेडूकपिल्लू मिळालं नाही तर लर्निया पुढं वाढत नाही, कोरडं तर जगतच नाही. जाळी, टब, पाइप सगळं वाळवा. मासे जिवंत कुणाला पुढच्या तळ्यात सोडायला देऊ नका, कितीही भाव दिला तरी. विकायचे का, कधी, ते सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात सायपरचं सांगून विचारा. मी इथं डोस किंवा दिवस सांगणार नाही, तुमचं पाणी किती आणि टाकलं किती हेच धड माहीत नाही.

बागायतदार७७
एवढं पाणी मेमध्ये संपवायचं? मग काडी तयार व्हायच्या वेळी बाग काय पिणार?

सूक्ष्मदर्शी
टँकर, किंवा पाऊस. मला मान्य आहे हे सोपं नाही.

सिन्नरकर_मत्स्य
दुसरा मार्ग आहे मॅडम. पाणी ठेवायचं पण मासे सगळे काढायचे, आणि तळं काही आठवडे बिनमाशाचं ठेवायचं. आमच्याकडे तसं केलं होतं. बेडूक येऊ नयेत म्हणून कडेला शेडनेट लावलं.

सूक्ष्मदर्शी
चालेल, पण एकही मासा आत राहता कामा नये, तीच अडचण असते. आणि त्या काळात ओढ्यातून भर घालायची नाही.

कादवाकाठी
व्यापाऱ्याला फोन केला, औषधाचं सांगितलं, फोटो पाठवला. तो म्हणतो डाग पडलेला माल मी निम्म्या भावाने पण उचलणार नाही. मिटला विषय. सिन्नरकर, तुमचं शेडनेट किती उंच होतं आणि मासे एकदम काढून ठेवले कुठं? वरच्या तिघांशी उद्या बोलतो, रंगीत मासेवाला माझा चुलत मेव्हणाच आहे, तो ऐकेल का माहीत नाही.

सिन्नरकर_मत्स्य
कंबरेएवढं. मासे खड्डा खणून पुरले चुना टाकून, दुसरं काही करता आलं नाही. ओढ्यापासून लांब खणा.

गोल्डफिशवाली
मेव्हण्यांना म्हणावं कोई मी घेते, वेगळ्या टाकीत ठेवून बरे करते. इंदिरानगरला आणून द्यावे लागतील.

योजनादूत
कंबरेएवढ्या शेडनेटला अनुदान बसतं का ते बघून सांगतो.

नवीन_आयडी
बीज तपासायला भिंग किती पॉवरचं घ्यायचं? आणि तळं रिकामं झाल्यावर त्यात मरळ टाकली तर?